न दुखणारा पाय

प्रिय बाबा,

काल शिलाई मशीनवरून उठलात, तेव्हा तुटकी सुई तुमच्या तळपायात रुतली होती. ती उपटून तुम्ही हसलात, "हा शिंप्याचा पाय! काही कळतसुद्धा नाही." मला हसू येईना. मधुमेहात पायाला कळेनासं होणं, हीच तर भीती. पण तुमचं ठरलेलं, "दुखत नाही, मग डॉक्टर कशाला?"

शेवटी आज सकाळी माझीच टाच दुखते अशी थाप मारली. तुम्ही लगेच म्हणालात, "अंगावर काढू नकोस. उद्या दुकान बंद ठेवतो, मीच नेतो." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. खोटं बोलू नये, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून हे पत्र लिहितेय, पण दवाखान्यात पोचल्यावरच तुमच्या हाती देईन. उद्या पायाच्या डॉक्टरांनी "पेशंट कोण?" विचारलं की मी तुमच्याकडे बोट दाखवणार. चारचौघांत रागवा हवं तर, पण पाय पुढे करा.

तुमची थापाडी,
धाकटी