पूजेला आणलेली जुनी बस

पांढरीची वस्ती, ता. अंबड
रविवार, १२ डिसेंबर २००४

चि. बद्रीनाथ यास दादाचे आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही उभयता तिकडे बरे असाल असं धरून चालतो. आईचे गुडघे थंडीने धरलेत. तूर बरी आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

तुझा राग समजतो. तुझ्या शब्दावर पुण्याच्या ट्रस्टने शाळेला कमी धुराची नवी बस दिली, आणि दोन महिन्यांत परत नेली. तुझी तिथली नोकरीही गेली. पण बद्री, राग मलाही आहे. तुझ्या साहेबलोकांना जुन्या बसचा धूर दिसला, अकरा किलोमीटर चालत जाणारी पोरगी नाही दिसली. अट मोडली, कबूल. भोगतंय कोण? आपल्या तीन वस्त्यांवरच्या चौदा मुली. त्यातल्या नऊ घरी बसल्या.

काकासाहेबांचं तर बोलूच नकोस. संस्थेचे अध्यक्ष, त्यांना कोण विचारणार! जुन्या बसचं इंजिन फोडून फोटो पाठवायचा, मगच नवी बस, ही अट तूच मला वाचून दाखवली होतीस. यांनी जुन्या जालन्यातून भंगारातलं इंजिन आणवलं, त्यावर घण घालून फोटो काढला आणि धडधाकट बस ऊसतोडीच्या एका मुकादमाला विकून टाकली. आता शाळेला जुनीही नाही न् नवीही नाही.

असं मी सगळ्यांना सांगत फिरतो. भंगाराच्या इंजिनाची अक्कल माझी होती. काकासाहेब म्हणाले होते, "रामकिसन, फोडून टाक. झंझट न्हाई पाहिजे." मीच हात जोडले. "साहेब, सोळा वर्सं चालवून राह्यलो तिला. दोनदा इंजिन म्या खोललं. माझ्या हातून न्हाई व्हायचं. चालती गाडी हाय, गिऱ्हाईक मी आणतो." तू फोनवर विचारलंस, "दादा, फोडलं ना?" मी म्हणालो, "बिलकुल." वर आईची शपथ घेतली.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण खंडेनवमी आली. दरवर्षी त्या गाडीला हार मीच घालायचो. नवीला झेंडूचा हार आणि जुनी मुकादमाच्या दारात धुळीत, हे मला बघवेना. म्हातारा झाला म्हणून पोळ्याला बैल कुणी गोठ्यात ठेवतं का? एका दिवसापुरती मागून आणली, धुतली, नवीच्या शेजारी लावली. दोघींना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. ट्रस्टच्या बाई त्याच दिवशी येतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाईंनी पोरांना विचारलं, "ही दुसरी बस कुणाची?"

आपली दुर्गा ऐटीत पुढे झाली. "आमचीच जुनी हाय. बाबांनी आणली पूजेला. आजून झकास चालती!"

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आठव्या दिवशी ट्रस्टचे लोक नवी बस घेऊन गेले.

त्या संध्याकाळी मी दुर्गाला मारलं. दहावीतली पोरगी, गालावर बोटं उठेपर्यंत मारलं. तेव्हापासून गाव तिलाच बोल लावतं, "हिच्या तोंडानं बस गेली." तुझी वहिनीसुद्धा तेच म्हणते. मी शेजारी बसून ऐकतो. बाकीच्या मुली तिच्याशी बोलत नाहीत, म्हणून तिने शाळा सोडली. आणि मी मुकादमाकडे तीच जुनी बस चालवतो. पहाटे तोडणीची माणसं भरून शाळेवरूनच जातो.

तिने तुला पत्र लिहिलंय, सोबत घातलं आहे. मी वाचलं. लिहिते, "काका, चूक माझ्या एकटीची आहे. मी परत शाळेत जाणार नाही, पण बाकीच्यांसाठी बस पाठवायला सांगा." मी तिला थांबवलं नाही. उलट पत्ता नीट लिही म्हणालो.

बद्री, खरं काय ते तिला तू लिही. मी दहादा तोंड उघडलं, आणि दरवेळी भाकरी वाढ म्हणालो.

पोरीच्या आड लपलेला,
तुझा दादा
रामकिसन