खळीची पट्टी

११ नोव्हेंबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, गुडघे सोडून. तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. मध्ये तू फोन केलास तेव्हा मी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. फोनवर मला काही धड सुचत नाही, म्हणून लिहितेय.

आधी माझी बातमी ऐक, आणि हसू नकोस. मी फ्रेमिंग शिकतेय! कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे रोज दुपारी जाते. गेले होते ते तुझ्या चित्राला फ्रेम करून घ्यायला. हो, तेच. तू खिडकीत पाठमोरी बसलीयस आणि माझ्या लेकाने ते जलरंगात काढलंय. पत्रात मागितलंस ते. पण दुकानात ते हातातून सुटेचना. फ्रेमवाला म्हणाला, "मावशी, सोडवत नसेल तर स्वतःच करा. मी शिकवतो." मी लगेच हो म्हटलं. तेवढंच तुला उत्तर द्यायचं लांबणीवर पडेल, असाही विचार होता. खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून मी त्याला मास्तर म्हणते. आधी नुसते पुठ्ठे कापायला लावले. चित्राभोवती ती जाड पुठ्ठ्याची किनार असते ना, माउंट, ती मला शोभेची वाटायची. तर ती काच चित्राला चिकटू नये म्हणून असते. मी हौसेने पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापली, अगदी चित्राच्या मापाची. सरावाचं चित्र मागून लावलं, तर ते आरपार खाली! मास्तर पोट धरून हसले. चित्राची कड पुठ्ठ्याखाली थोडी दबायला हवी, एवढी साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात नाही आली.

मग खऱ्या चित्रापाशी गाडी अडली. त्याच्या कडेला रंगांचे डाग आहेत, आठवतात? तुझ्या शालीचा निळा जमेना म्हणून माझा लेक तिथे ब्रश टेकवून बघत होता. मास्तर म्हणाले, रीतीप्रमाणे हे माउंटखाली झाकायचं. मी म्हटलं, बाकी सगळं झाका, डाग झाकायचे नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण मास्तरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "मग कड मोकळी ठेवू. चित्र मागच्या पुठ्ठ्यावर वरच्या बाजूने टांगू, आणि खिडकी मोठी कापू."

टांगायचं कशाने, तर पातळ कागदाच्या बोटभर पट्ट्यांनी, गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून. मी म्हटलं, "एवढंच? चांगला गोंद लावा की, जन्मात निघणार नाही असा."

मास्तर पहिल्यांदाच चिडले. "मावशी, जन्मात निघणार नाही असं काही चित्राला लावायचंच नसतं. उद्या सोडवायची वेळ आली तर ओल्या बोळ्याने सुटलं पाहिजे. आणि पट्टी चित्रापेक्षा कच्चीच हवी. फ्रेम पडली तर पट्टी फाटते, चित्र वाचतं. पट्टी पक्की असली की चित्र फाटतं."

घरी आले आणि चपलाही न काढता खुर्चीत बसून राहिले.

चिमणे, तुला आवडलेल्या माणसाबद्दल लिहून तू पत्रात विचारलंस, "आई, मी यांच्याशी लग्न केलं तर तुम्ही माझ्याकडे याल ना?" वाचून मला राग आला होता. लेक गेला, आता सूनही चालली, वर चित्रही घेऊन चालली, असंच मनात आलं. तो गेल्यावर तू माझ्यासाठी इथे राहिलीस, चालून आलेली नोकरी सोडलीस, माझ्या गुडघ्यांना तेल चोळलंस. मी मात्र ते तुझं कामच आहे असं धरून चालले. गेल्या वर्षी तू नोकरीसाठी गेलीस तेव्हा चार दिवस अबोला धरला. मला तो गोंदच हवा होता गं. तू फाटली असतीस तरी माझ्या लक्षात आलं नसतं.

काल चित्र लावून झालं. पट्ट्या मीच चिकटवल्या. कागद हलकेच लोंबतो आणि डाग सगळे दिसतात. मास्तरांनी उलटसुलट करून बघितलं आणि "हं" म्हणाले. ते शाबासकी देतात ती एवढीच.

पार्सलवाल्यांवर माझा काडीचा भरवसा नाही. चित्र मीच घेऊन येते, लग्नाला. तारीख कळव म्हणजे तिकीट काढते. आणि माझ्यासाठी नवीन साडीबिडी घेत बसू नकोस, आहेत माझ्याकडे.

भिंत आधीच बघून ठेव. ऊन येणारी नको, ओल धरणारी तर मुळीच नको. फ्रेमला दोन खिळे लागतात, एकावर ती कलंडते. तू खिळ्यांच्या वाटेला जाऊ नकोस, मागे भिंतीचा केवढा टवका उडवला होतास! आपल्या घरात ते काम त्याचं होतं. आता तुझ्या यांना ठोकायला सांग. मी मागे उभी राहून सरळ आहे का ते बघेन.

तुझीच,
आई