झाडलेलं अंगण

४ मार्च
आज मोजणी झाली. माती तपासणाऱ्या बाई आल्या — आमच्या लेकीच्या वयाच्या. दोऱ्या बांधून अंगणाचे चौकोन पाडले, यंत्र जमिनीलगत फिरवलं, थोडी थोडी माती पिशव्यांत भरून घेतली. यंत्र टकटक वाजतं. माझं काळीज त्याहून जोरात.

मागच्या बंद कारखान्यात घड्याळाचे अंधारात चमकणारे काटे रेडियमने रंगवायचे; त्यातून घातक किरण निघतात. तो पाडला तेव्हाची धूळ गल्लीभर बसली आहे. बाई म्हणाल्या, तुमच्या वयाला धोका थोडा. असली धूळ वर्षानुवर्षं छातीत, पोटात जात राहिली तर त्रास. खरी काळजी लहान मुलांची. ती मातीत खेळतात आणि बोटं तोंडात घालतात.

"यांना धूळ काय करणार?" ही म्हणाली. "यांना काळजीच पुरून उरेल."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. सुट्टीत भिंगरी यायची आहे. चार वर्षांची नात, आणि तिला आजोबांचं अंगण म्हणजे जीव की प्राण.

५ मार्च
भिंगरीला फोनवर शिकवलं — माती वाईट, हात लावायचा नाही. तीनतीनदा म्हणवून घेतलं. लेक म्हणाली, "बाबा, पुरे. पोर घाबरेल." घाबरू दे!

६ मार्च
आजही म्हणवून घेतलं.

१२ मार्च
निकाल आला. अंगण स्वच्छ! कडेच्या टोमॅटोच्या वाफ्यात मात्र आकडा भलताच चढलेला. बाई चक्रावल्या. शेजारच्या अंगणात धूळ सापडते, तुमच्यात कशी नाही? वाफ्यापाशी उकिडव्या बसून बराच वेळ बघत राहिल्या. मग हिला हळूच विचारलं, मोजणीच्या आधी झाडलं होतं का?

ही गोरीमोरी झाली. "घरी माणसं यायची, अंगण काय तसंच ठेवू?"

खराट्याने खरवडून काढलं होतं. सगळी धूळ वाफ्यात लोटली. तपासायचा तो वरचाच थर! बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मी परक्या माणसासमोर हिला नको ते बोललो.

१३ मार्च
ही बोलत नाही. मला एकच दिसतंय — खराटा मारताना तिच्या नाकात किती धूळ गेली असेल! बाईंना फोन केला. एकदा झाडल्याने फारसं काही होत नाही म्हणाल्या, पण यापुढे कोरडं झाडू नका, पाणी शिंपडा. हे ऐकूनही राहवलं नाही. हिचे हात साबणाने धुऊन दिले, नखांखालूनसुद्धा. ही म्हणाली, "लग्नातही एवढा वेळ हात धरला नव्हतात." बोलली! जीव भांड्यात पडला.

२१ मार्च
तोंडं बांधून माणसं आली. वाफा आणि अंगणाचा वरचा थर गोण्यांत भरून नेला. हिची टोमॅटोची रोपं मुळासकट गेली. दारात उभी राहून बघत होती, डोळे पुसत नव्हती. मी नुसता शेजारी उभा राहिलो. संध्याकाळी नवी माती पसरली. तांबूस आहे. अंगण परक्याचं वाटतं.

३ एप्रिल
बाईंनी पुन्हा मोजलं, या वेळी कोपरा न् कोपरा. आता कुठल्याही चांगल्या मातीसारखीच आहे म्हणाल्या. मी फिरून फिरून विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आजोबा, माझ्या स्वतःच्या मुलीला इथे लोळवेन. झालं?"

झालं. लेकीला सांगितलं, घेऊन ये.

१९ एप्रिल
भिंगरी आली. उंबरठा ओलांडून अंगणात पाय टाकेना. माती आता चांगली आहे म्हटलं, तर माझं धोतर घट्ट धरून म्हणाली, "आजोबा, तूपण नको जाऊ."

चपला काढून मातीत मांडी घालून बसलो. ही येऊन शेजारी बसली. अंधार पडला तरी पोर दारातच उभी होती, आमच्यासाठी रडत.