सिंकमधला खेकडा

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? वहिनी जिना जपून उतरत असतीलच. मुलांना आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. (ठीक म्हणजे मी ठीक. घराचं पुढे येतंच आहे.)

तुमची बहीण तुमच्याकडे येऊन आठवडा होत आला, तेव्हा तिची बाजू तुम्हाला एव्हाना तोंडपाठ झाली असेल. माझी ऐकायला इथे कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. बसलो असं आपलं म्हणायचं. दर दोन ओळींनी उठून दारापर्यंत जाऊन येतो. जिन्यात पावलं वाजतात, मी कडी काढतो, आणि निघतो वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य.

तर मी मासेमारीच्या गळासाठी खोटे किडे बांधतो, हे तुम्ही जाणताच. (लग्न ठरवताना आमच्या आत्याने 'मुलाला कसलंही व्यसन नाही' असं सांगितलं होतं, ते तुम्ही अजून काढता.) पाण्यातल्या अळ्या मला आता डोळे मिटून जमतात. आकड्यावर दोरा गुंडाळायचा, पिसाच्या काड्यांचे सहा पाय लावायचे, पोटाच्या कडेला केसांचे कल्ले, की झालं. पण खेकडा म्हणजे नाकी नऊ. नायलॉनच्या दोऱ्याचं टोक मेणबत्तीवर धरलं की काळा मणी होतो, तो डोळा. रबराला गाठ मारली की गुडघा. सगळ्या पायांचे गुडघे नीट वाकवता वाकवता माझी मान जी धरली, ती अजून सुटलेली नाही. (आता उठलो होतो. दंतवैद्यच.) पाठीवर व्हार्निशचे हात दिले. आणि मुख्य म्हणजे तो पाण्यात उताणा पडता कामा नये, नांग्या वर करून बसला पाहिजे. हे तपासायला पाणी हवं, आणि घरात भरलेलं पाणी होतं फक्त सिंकमध्ये. त्यात सकाळच्या बश्या भिजत होत्या, हा काय माझा दोष?

ती ऑफिसातून आली, बाह्या सारल्या आणि बशी उचलली. बशीत हा बसलेला, नांग्या वर करून, अगदी हवा तसा. किंकाळी, बशी खाली, ती धरायला हिची धडपड, आणि चक्काचूर. मी धावत गेलो. महिनाभर राबलेला माणूस अशा वेळी काय विचारणार? मी विचारलं, "खरा वाटला ना?" दादा, माझा आनंद गगनात मावत नव्हता हो. तिने हाताला रुमाल गुंडाळला, बॅग भरली आणि जाताना एवढंच म्हणाली, "आता त्याच्याशीच संसार करा."

रविवारी त्याला नदीवर नेलं. मासे आले, घर भाड्याने बघायला आल्यासारखी एक चक्कर मारली आणि निघून गेले. शेजारी दंतवैद्य आकड्याला लोकरीचा गोळा बांधून आलेला. ना धड अळी, ना धड खेकडा. त्याची पिशवी भरली. तेव्हा कुठे मी आमच्या खेकड्याला बोटाने हलवून पाहिलं. व्हार्निश सांध्यांत उतरून सगळे पाय लाकडासारखे कडक झाले होते. माशांना डोळे बघायचे नसतात, पाय वळवळले की त्यांना पुरे. ही अक्कल मला घर रिकामं झाल्यावर आली, याचा फार संताप येतो. आता नवा बांधायला घेतो, दोन वेढे देतो आणि उठतो. हात चालत नाही.

बाकी क्षेम. सर्वांना यथायोग्य सांगावे.

आपला,
(तुमच्या घरी सध्या ज्याचं नाव काढत नसतील तो)

ता. क. मी मजेत आहे, हे तिला आवर्जून सांगा. जेवणही वेळेवर होतं. (पाव.)

ता. क. २. वरचा ता. क. सांगू नका. मला अजिबात करमत नाही. शनिवारी मी येतो आहे. तिला आधी कळवायचं की नाही, हे वहिनींना ठरवू द्या, तुम्ही ठरवू नका.

ता. क. ३. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. फुटकी बशी धरताना तिचा हात कापला होता. किती कापला, टाके पडले का, मला काहीच ठाऊक नाही; मी त्या वेळी खेकड्याचा एखादा पाय निसटला का ते बघत होतो. तिला विचारू नका, नुसतं बघा आणि मला लगेच कळवा. उजवा होता की डावा, तेही मी पाहिलं नाही.