ओट्याची जाडी

बुध. ६ जुलै ९४
दु. भांड्यांच्या दुकानातले शेठ स्वतः पोतं घेऊन आले. मी बनवून दिलेल्या, ओट्याच्या काठाला स्क्रूने आवळायच्या २४ खवण्यांपैकी १९ परत. "काका, दाते एक नंबर. पन ओट्याला लागतच नाही." घरच्या ओट्याला लावून दाखवली. चपखल. शेठ म्हणाले, "मग तुमच्याच घरी विका."

गुरु. ७ जुलै
जाडी मोजायला व्हर्निअर घेऊन नवीन पनवेल. परत करणाऱ्यांपैकी एक जोशीबाई, तिसरा मजला. ओट्याच्या काठाला खालून दगडाची पट्टी चिकटवलेली. जाडी ६२ मि.मी. माझ्या खवणीचा जबडा उघडतो ४०. बाईंनी चहा दिला. रागावल्या असत्या तर बरं.

सोम. ११ जुलै
नऊ स्वयंपाकघरं मोजली. ३० ते ६८. कोळीवाड्यात एक म्हातारी म्हणाली, "ओटाच नाय आमच्याकडं. तूच धरून बस." वहीत चौदा दात्यांची मापं, प्रत्येकाची तीनदा घेतलेली. ओट्याचं माप एकदाच. तेही घरचं.
लेथ कोणी शिकवला नाही, बघून शिकलो. हे बघायचं राहिलं.

रवि. १७ जुलै
धाकट्या भावाचं, रूबेनचं, इस्राएलमधून, अश्दोदहून पत्र. त्याच्या कारखान्यात टर्नर हवेत, सोबत फॉर्म. नव्याच्या सणाच्या, म्हणजे आपल्या नव्या वर्षाच्या, आत सही करून पाठव, मग जागा नाही. बायकोला, सेराला सांगितलं, तोवर खवणी चालली नाही तर सही करीन.
"अहो, खवणीवरून देश सोडायचा?"
खवणीवरून नव्हे. एका चुकीवरून. फॉर्म वहीत घातला.

मंगळ. २ ऑगस्ट
जबडा ७५. नऊच्या नऊ ओट्यांना बसतो. पण जोर दिला की डुगडुगते. स्क्रू जाड केला. तरी तेच.

बुध. ३ ऑग.
सेरा जमिनीवर बसून तिच्या जुन्या विळीवर नारळ खवत होती. एवढी खवणी घरात असून?
"मला कधी दिलीत? तुम्हीच लावता, तुम्हीच काढता."
खरं आहे. दिली. दोन वाट्या खवल्या. म्हणाली, "नाचते ही. खाली ओलं फडकं घाला."
फडकं म्हणजे डिझाइन नव्हे, असं म्हणालो. ती हसली. विळीवर आपण बसतो, वजनाने ती गप्प राहते, म्हणाली. इथे बसणार कोण?

शुक्र. १२ ऑग.
जबड्याला दोन्ही बाजूंनी सायकलच्या ट्यूबचं रबर. हलत नाही. म्हणजे फडकंच. लिहून ठेवतो, कारण तोंडाने कबूल करायला…
सूर्य कलला. शब्बाथ लागला, आता लिहिणं बंद. पेन खाली.

सोम. २२ ऑग.
नारळी पौर्णिमा काल झाली, शेठच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. रबरवाल्या सहाच ठेवून घेतल्या. "या परत आल्या ना काका, तर तुम्ही येऊ नका."

रवि. ४ सप्टें.
दुकानात गेलो. पाच गेल्या, एकही परत नाही. पुढची ऑर्डर द्या म्हटलं. शेठ: "गनपतीला मोदक होतील, घरोघर नारळ फुटतील. त्यानंतर बोला."
गणपती शुक्रवारी. आमचा नव्याचा सण उद्या संध्याकाळी लागतो. निकालाआधी मुदत संपते. शेठना हे कळण्याचं कारण नाही.

सोम. ५ सप्टें.
फॉर्म दोनदा वाचला. तिसऱ्या पानावर एक चौकोन: हातचं कसब. 'टर्नर' लिहिलं, खोडलं. सही केलेली नाही. रूबेनला पत्र टाकलं, आठवडाभर थांबता येईल का, कारखान्यात विचार. थांबतील असं वाटत नाही.
सणाच्या हलव्याला, गव्हाच्या चिकाच्या, सहा नारळ. विळी कोपऱ्यात आडवी. सेरा ओट्यापाशी उभी राहून तिसरा नारळ खवते आहे. न सांगता. खवणी तिने स्वतः लावली. स्क्रू अर्धा फेरा कमी आवळलाय, इथून दिसतं.
हलत नाही. चौथा नारळ फोडायला उठलो.