कड्याखालचा आवाज

प्रिय शेंडेफळा,

देवमासे मोजायला गेलेल्या तुझ्या बोटीवर फोन लागत नाही, मेल मात्र पोचते, म्हणून लिहितेय. एरवी मला लिहायचा किती कंटाळा आहे ते तुला ठाऊकच आहे. बाबा जेवून आत आडवे झालेत. ते उठायच्या आत हे पाठवायचंय, अक्षरं चुकली तर समजून घे.

ससाण्याची तीन घरटी रिकामी झाली. पिल्लांना अजून पंख फुटले नव्हते, म्हणजे ती कुणीतरी नेली हे उघड आहे. कड्यावर दोर घासल्याच्या खुणा आहेत. त्या बाबांनीच मला दाखवल्या. भूमापन खात्यातून निवृत्त झालेल्या मोजणीदारानं खरं तर घरी बसून पत्ते कुटावेत. हे मात्र आपल्या अभ्यासाची आवाज टिपणारी यंत्रं सांभाळत कडेकपारी तुडवतात आणि शेजाऱ्यांना ऐटीत सांगतात की पोरांनी मला बिनपगारी नोकरीला ठेवलंय.

चोरांना घरटी सापडली कशी, हा विचार करून डोकं फुटायची वेळ आली होती. आपल्या तक्त्यात प्रत्येक घरट्याची जागा आपण मुद्दाम ढोबळ ठेवली होती, पार तालुक्याएवढा चौकोन. बाकी सगळं खुलं ठेवायचं, आपली ध्वनिमुद्रणं नेटवरून उतरवून जगात कुणालाही त्यावर अभ्यास करता यावा, हा तुझा हट्ट. मला तो पटला होता, अजूनही पटतो. एवढं मुद्रण माणसानं ऐकायचं तर जन्म पुरायचा नाही. तुझा प्रोग्रॅम ते ऐकतो, ससाण्याची हाक तेवढी वेचून काढतो आणि वारा, गाड्या, माणसं हा सगळा गोंगाट म्हणून सोडून देतो. आपण दोघं नुसते आलेख बघत बसलो. कानानं कुणी ऐकलंच नाही.

आज सकाळी बाबा कड्याकडे गेलेले असताना मी ऐकलं. चोरांची चाहूल कुठे लागते का, एवढंच मला बघायचं होतं. तर प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला आपले बाबा! यंत्र चालू केलं की खाकरतात आणि नोकरीतल्या सवयीनं आधी आपण कुठे उभे आहोत ते सांगतात. "पवनचक्की पाठीशी. डाव्या हाताची दुसरी घळ, पिवळ्या खडकाखाली. घरटं बरोब्बर डोक्यावर." आधी मला हसू आलं, खरंच. मग उमगलं, हे ऐकून कुणीही सरळ घरट्याखाली जाऊन उभा राहील.

त्यांना यातलं काहीही माहीत नाही. उरलेल्या एकाच घरट्याखाली ते काठी आणि थर्मास घेऊन बसतात, उन्हं कलली की आज पुन्हा जाणार आहेत. वनखात्यानं माणूस पाठवतो म्हटलंय, कधी ते सांगितलं नाही. जाऊ नका म्हटलं तर म्हणाले, तू तुझं काम कर. तुझं मात्र ऐकलं असतं, लाडावलेला ना तू. आता ते उठले की मी सगळं सांगणार आहे. त्यांच्याच आवाजानं चोरांना वाट दाखवली हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू, ते मला कळत नाहीये. ऐकले नाहीत तर सरळ बूट लपवून ठेवीन.

तू हे वाचल्या क्षणी एक काम कर. यंत्रं सकाळचं मुद्रण आपोआप सगळ्यांसाठीच्या साठ्यात चढवतात आणि ते थांबवायचा पासवर्ड फक्त तुझ्याकडे आहे. ते बंद कर. आधी गेलेलं परत येत नाही, कळतं मला. पण आजच्या मुद्रणात जागा सांगून झाल्यावर बाबा म्हणतात, "हे घरटं सोडून मी आता हलणार नाही. एकटाच आहे, पण रोज येणार." मी ते तिथल्या तिथेच ऐकलं, उतरवून घेतलं नाही. तरी साठ्यात त्याच्यापुढच्या आकड्यावरून कुणीतरी ते एकदा उतरवून घेतल्याचं दिसतंय. तो तू असशील तर बाकी काही लिहू नकोस, तेवढंच कळव.

तुझीच,
ताई