उडालेली टिंबं

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं बरी असाल, छोटीचा खोकला एव्हाना गेला असेल. इकडे सगळं ठीक, असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिते.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुला विषय बदलता येतो आणि मला ओरडता येतं. कागदावर दोघांचीही पंचाईत.

आधी पेनाचं सांगते. विद्यापीठानं यंदा आमचं पेन एका वर्गात चालवून बघायचं ठरवलं, हे तुला माहीत आहे. शिक्षकानं काचेच्या पाटीवर लिहायचं. ते भिंतीवर मोठं दिसतं आणि त्याच वेळी प्रत्येक मुलाच्या पाटीवर उतरतं. मुलं त्याच्याच कडेनं आपापली टिपणं लिहितात. प्राध्यापक मंडळींनी नाकं मुरडली. एकटे बाबा म्हणाले, "माझा वर्ग घे." निवृत्तीला आलेला माणूस, औषधनिर्माणाच्या मुलांना गणित शिकवतो, आणि सगळ्यांच्या आधी नव्या वस्तूला हात घालतो. मी भेटेल त्याला सांगत सुटले होते, की बघा, लेकीसाठी बाप उभा राहिला.

गेल्या महिन्यात त्यांच्या वर्गातली एक मुलगी आमच्या खोलीत आली. म्हणाली, "मॅडम, सर तोंडानं अडीच म्हणतात आणि भिंतीवर पंचवीस दिसतं." दशांशाचं टिंब उमटतं आणि पेन उचललं की गायब. ही मुलं उद्या औषधाच्या मात्रा काढणार. माझी झोपच उडाली.

पेन तपासलं, ठणठणीत होतं. मग उरला घुम्या. त्याच्याबद्दल तुला सांगितलंच आहे: खोलीत आम्ही दोघंच, पेन माझं आणि त्यामागचा प्रोग्रॅम त्याचा. दिवसभरात तो चार शब्द बोलला तर मी चहा पाजते. त्या प्रोग्रॅममध्ये एक गाळणी असते. लिहिताना प्रत्येकाचा हात किंचित हलतो. गाळणी ती हालचाल काढून टाकते आणि रेघ स्वच्छ दिसते. ती फार बारीक केली तर टिंबंसुद्धा हाताची हालचाल समजून उडतात. आणि ती हलवणं घुम्याशिवाय कुणाला जमत नाही.

त्यात तो मी जवळ गेले की पडदा काळा करायचा. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा. या महिन्याच्या शेवटी समिती येणार, पेन सगळ्या वर्गांना घ्यायचं की नाही ते ठरवणार. दुसऱ्या एका कंपनीची माणसं कॅन्टीनमध्ये त्याच्याशी बोलताना मी पाहिली होती. नक्की कुठंतरी पाणी मुरतंय, अशी माझी खात्री झाली. तुलाही फोनवर सांगितलं. तू म्हणालास, "जाऊ दे गं ताई, चांगला माणूस आहे तो." फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात आलं, हा त्याला भेटला कधी? पण मी तेव्हा घुम्याच्या मागे लागले होते, तुझा नंबर नंतर लागणार होता.

गुरुवारी तो जेवायला गेल्यावर मी त्याच्या कॉम्प्युटरवर बसले. लाज वाटली का? थोडी. गाळणी सत्राच्या सुरुवातीपासून थोडी थोडी बारीक होत गेली होती, आणि फक्त बाबांच्या पेनाची. घुम्या परत आला तेव्हा मी त्याच्याच खुर्चीत बसले होते.

"माझ्या बापाच्या वर्गात माझं काम पाडायचं कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

त्यानं गाळणी बंद केली आणि बाबांनी बुधवारी लिहिलेलं उघडलं, हातातून आलं तसं. आलेखाचा सरळ अक्ष उसवलेल्या शिवणीसारखा वरखाली होत गेला होता. आकडे सुरुवातीला ठीक, मग लहान लहान होत एकमेकांत घुसलेले.

"सरांनी शपथ घातली होती," तो म्हणाला. "मी टिंबं वाचवायला बघतोय. अजून जमत नाही." मग खाली बघत म्हणाला, "तुमच्या भावाचे फोन येतात. सर कसे आहेत म्हणून विचारतात."

सुट्टीत बाबा तुझ्याकडे महिनाभर राहिले होते. तेव्हाच तू त्यांना डॉक्टरांकडे नेलंस ना? आणि मी इथे, त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर. हल्ली ते अर्धा कपच चहा मागतात, मला वाटलं साखर कमी करतायत. बटणांचे शर्ट घालत नाहीत, मला वाटलं आळस. साऱ्या जगावर संशय घेणारी मी, मला हे दिसलं नाही. तू मला सांगितलं नाहीस याचा मला फार राग आला आहे, आणि तो इतक्यात जाणार नाही.

काल दुपारी पाटी घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

"बाबा, माझा वर्ग घे म्हणालात, ते माझ्यासाठी की हातासाठी?"

"आधी हातासाठी," ते म्हणाले. "खडू धरवत नव्हता. मग तुझं काम बघितलं, तेव्हा तुझ्यासाठी."

मला फार लागलं ते. पण खोटं बोलले असते तर जास्त लागलं असतं.

मी म्हटलं, मुलांना टिंबं दिसली पाहिजेत, सोमवारपासून गाळणी सैल करावी लागेल. ते लगेच हो म्हणाले. गणिताच्या बाबतीत ते कधीच हुज्जत घालत नाहीत. मग म्हणाले, "आत्ताच कर. बघू दे मला, मुलांना काय दिसणार ते."

घुम्यानं शुक्रवारी शिकवलं होतं, तशी मी केली. त्यांनी चष्मा पुसला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि एक समीकरण लिहिलं. बराच वेळ लागला. टिंब मात्र जागेवर राहिलं. मग पाटी माझ्याकडे वळवून त्यांनी विचारलं, "वाचता येतंय ना?"

"येतंय की," मी म्हणाले.

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि इतके खूश दिसले, की मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

धाकट्या, त्यातलं मला एका टिंबाखेरीज काहीही वाचता आलं नव्हतं.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा सोमवारचा तास होऊन गेलेला असेल. मी मागच्या बाकावर बसणार आहे. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं लिही. आणि दुसरंही एक लिही: त्यांच्याकडे बघत, हसत, सगळं ठीक आहे असं तू इतके महिने कसं म्हणत राहिलास? मला एकाच दिवसात जड जातंय.

तुझ्यावर रागावलेली, आणि आता तुझ्याइतकीच खोटारडी,
ताई